समीक्षाच्या वतीने

१

समीक्षा घरतला राग लवकर येतो, हे त्या ऑफिसात चहा आणणाऱ्या काकांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. तिच्या घरात तीन पिढ्या बायकांनी मान डोलावण्यात घालवल्या होत्या. एकीने तरी आवाज चढवलेला बरा, असं तिचं मत होतं.

ऑफिस पनवेलच्या एसटी स्टँडमागे, पंख्यांच्या दुकानाच्या वर. तिथे ती ट्रान्सपोर्ट कंपन्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहीत होती. कंपनीच्या कॉम्प्युटरवर बसून ड्रायव्हरांच्या फोनवर मेसेज पाठवायचे, त्यांची उत्तरं घ्यायची, एवढंच त्याचं काम. अडचण अशी की या कंपन्यांत कुठलाही कॉम्प्युटर थेट बाहेर जात नाही. मधे प्रॉक्सी असते. आपलं म्हणणं तिच्या हाती द्यायचं. ती बाहेर जाऊन आपल्या वतीने ते सांगते आणि उत्तर घेऊन येते. समीक्षाच्या प्रोग्रॅमला या मधल्या बाईशी नीट बोलायला शिकवायचं होतं. हो, बाई. ऑफिसात सगळे 'तो सर्व्हर' म्हणत, पण तिच्या मनात कशी कोण जाणे ती बाईच झाली होती.

त्या दुपारी प्रणितचा, तिच्या धाकट्या भावाचा, मेसेज आला. 'ताई, सोमवारी हक्कसोडच्या सह्या हायत. सकाळी ये. आईला मी आणतो.'

बस्स. विचारणं नाही, काही नाही. कोन गावातलं जुनं घर बिल्डरला द्यायचं, आईला विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचं, आणि बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा. अशी रीतच आहे म्हणे. समीक्षाचं लग्न झालेलं नव्हतं, करायचंही नव्हतं. नवीन पनवेलची भाड्याची खोली ही राहायची जागा होती. घर म्हणावं असं एकच होतं, कोनचं. आणि आई? आईला विचारलं की ती म्हणणार, 'तुमी म्हनाल तसं.' आयुष्यभर तेच म्हणत आली होती. कधीकधी समीक्षाला प्रणितपेक्षा आईचाच जास्त संताप यायचा.

समोर तपासणीसाठी तिचा प्रोग्रॅम उघडाच होता. तिने त्यातच भावाचा नंबर घातला आणि कीबोर्ड बडवला: 'मी सही करणार नाही. आई आहे तोवर त्या घराची वीट हलवायची नाही. हलवलीस तर मला बहीण म्हणू नकोस.'

ऑफिसच्या कोपऱ्यात, पूर्वी जिथे ओटा आणि बेसिन होतं त्या बोळकांडीत, सर्व्हरचं कपाट घरघरत होतं. घरघर क्षणभर खाली आली. मग एक अगदी बारीक आवाज आला, कुणी बोलण्याआधी मिटलेले ओठ सोडवतं तसा.

उत्तर आलं. 'थँक्यू ताई. तू समजून घेशील म्हाईत होतं. रडूच आलं वाचून.'

२

भाऊ खवचटपणा करतोय, असं तिला आधी वाटलं. पण प्रणितला खवचटपणा जमत नाही. तो चिडला की सरळ शिव्या देतो.

तिने प्रोग्रॅमची नोंद उघडली. काय गेलं, काय आलं, सगळं त्यात दिसतं. तिचे शब्द जसेच्या तसे गेले होते. उत्तरावर वाटेतले शिक्केही होते. टपालावर प्रत्येक ऑफिसचा शिक्का बसतो, तसं मधून जाणारी प्रत्येक प्रॉक्सी आपलं नाव लावून देते. पहिला शिक्का ऑफिसच्या प्रॉक्सीचा. बरोबर. त्याखाली आणखी एक होता. त्यात नाव नव्हतं. नावाची जागा होती, आणि ती रिकामी होती.

"हृतिक!" तिने हाक मारली तशी दोन टेबलांपलीकडची माणसं वळली.

हृतिक नेटवर्क सांभाळायचा. बिचारा हातातली पोळीभाजी ठेवून आला. त्याने स्क्रीन पाहिली, डोकं खाजवलं. "दुसरी प्रॉक्सी आपल्याकडे नाहीच आहे, समीक्षा. एकच बॉक्स आहे, तो बघ तिकडे."

"मग हे काय आहे?"

"काहीतरी गार्बेज असेल."

"कोणीतरी मधे बसून माझे मेसेज बदलतंय आणि तू गार्बेज म्हणतोस? तूच केलं नाहीस ना हे?"

त्याचा चेहरा पडला. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चल, टेस्ट करू. तुझ्या दुसऱ्या फोनवर पाठव."

तिने एकच शब्द पाठवला: 'नाही'.

टेबलावरचा फोन थरथरला. त्यावर आलं होतं: 'बरं'.

हृतिकने तिला बाजूला सरकवून, त्याच कीबोर्डवर, त्याच प्रोग्रॅममधून 'नाही' टाइप केलं. फोनवर आलं: 'नाही'. पुन्हा त्याने. 'नाही'. पुन्हा तिने. 'तुम्ही म्हणाल तसं'.

ते शब्द तिने दोनदा वाचले. हृतिक हसला नाही. "तुझ्या लॉगिनमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. पण हे त्याने फोनकडे पाहत म्हटलं, तिच्याकडे नाही.

३

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला भूत परवडत नाही. चूक कुठेतरी असतेच. ओळीत असते, तारेत असते, नाहीतर माणसात असते. समीक्षाने जेवण सोडलं आणि चूक शोधायला बसली.

प्रॉक्सीचा पत्ता लिहिलेली ओळ तिने काढून टाकली. ऑफिसची वायर उपटली. स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडलं. आता मधे कुणी नव्हतं. थेट.

'नाही. नाही. नाही.'

फोनवर आलं: 'हो, चालेल. काळजी करू नका.'

तिने नोंद उघडली. ऑफिसचा शिक्का गेला होता. रिकामा शिक्का जिथल्या तिथे होता.

ती किती वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली कुणास ठाऊक. खाली दुकानात कुणीतरी पंखे लावून बघत होतं. एकेक पंखा वेग घ्यायचा आणि बंद व्हायचा. मग तिला जाणवलं की हृतिक मागे उभा आहे, आणि तिच्या भीतीचा एकदम संताप झाला. भीतीपेक्षा तो तिच्या सवयीचा होता.

"मागे उभा राहून काय बघतोस? मजा वाटतेय? निघ इथून! तुझं तोंडही दाखवू नकोस मला!"

सगळं ऑफिस ऐकेल इतक्या मोठ्याने ओरडली ती. आणि ओरडणं संपता संपता तिला तो आवाज पुन्हा ऐकू आला. ओठ सुटल्याचा. बोळकांडीतून नाही. जवळून.

हृतिक अवघडून हसला. "अगं, सॉरी कशाला? कामाचं टेन्शन असतं. आणि जेवायचं विचारलंस, बरं वाटलं. झालं माझं."

कुणीही वळून पाहिलं नाही. पलीकडच्या टेबलावरच्या मोनालीने फक्त मान वर केली आणि तिच्याकडे बघून गोड हसली. समीक्षा ऑफिसात आली तेव्हापासून मोनाली तिच्याकडे बघून एकदाही हसली नव्हती.

४

मीटिंगच्या खोलीत गालिचा होता, त्यामुळे तिथे आवाज घुमत नसे. समीक्षाने दार लावलं, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "प्रणित, मी सही करणार नाही. तू चोर आहेस. आईच्या डोक्यावरचं छप्पर विकतोस."

रेकॉर्डिंग लावलं. तिचाच आवाज. चिरका, तापलेला, तिचा. 'तू चोर आहेस.' तिने ते पुन्हा लावलं, आणि तिला रडू फुटेल असं वाटलं. इतकं बरं तिला स्वतःचा आवाज ऐकून कधी वाटलं नव्हतं. म्हणजे आपण ठीक आहोत. तोंडातून जे निघायचं तेच निघतंय.

तिने हृतिकला आत बोलावलं आणि फोन त्याच्या हातात दिला. तो ऐकत असताना ती त्याचा चेहरा बघत होती. तिच्या कानांना 'चोर' ऐकू आलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मऊ भाव आला.

"काय ऐकलंस? शब्दन् शब्द सांग."

"का? छान बोललीयस."

"सांग."

"'प्रणित, तुला योग्य वाटेल तसं कर, माझी हरकत नाही. आईला जप.'" त्याने फोन परत दिला. "खरं सांगू? मला वाटायचं तू फार कडक आहेस."

ती त्याला जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. हृतिक म्हणाला, "थँक्स."

तो गेल्यावर ती खुर्चीत बसली. रेकॉर्डिंग आणि तिचा कान यांच्या मधे कुणी नव्हतं, म्हणून तिला खरं ऐकू आलं. हृतिकच्या कानापर्यंत जाताना मात्र कुणीतरी होतं. एवढं तिच्या डोक्याने अगदी शांतपणे, एखाद्या प्रोग्रॅमची चूक सापडावी तसं मांडलं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, वेडी आहेस. थकली आहेस. हृतिक भित्रा आहे, भांडण टाळायला गोड बोलतोय. मेसेजचं म्हणशील तर कुठलातरी व्हायरस. सोमवारी सरकारी माणसासमोर उभी राहा आणि तोंडाने नाही म्हण. तिथे वायर नाही, फोन नाही. सरकारी माणूस तुझा कोण लागतो गोड बोलायला?

न जाणं शक्य नव्हतं. ती गेली नसती तर त्यांनी तिचं गप्प राहणंही होकारात धरलं असतं.

५

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर आई बसली होती. भामाबाई घरत. ठेवणीतलं लुगडं, हातात रुमाल. शेजारी प्रणित आणि त्याची बायको दिपिका. प्रणित ताईला बघून उठला आणि सगळ्यांदेखत तिच्या पाया पडला.

"ऊठ," समीक्षा म्हणाली. "नाटकं नकोत. मी इथे नाही म्हणायला आले आहे."

"म्हाईत हाय ताई," तो डोळे पुसत म्हणाला. "तुझ्यासारकी बहीन कुनाला नाय मिळत."

ती आईकडे वळली. "आई, तू तरी बोल! तुला जायचंय का विचुंब्याला? सहाव्या मजल्यावर, खिडकीत बसून रस्ता बघायला? खरं सांग!"

आईने तिच्याकडे पाहिलं. आईच्या गळ्याची शीर हलली, इतकंच. "माजी काय हरकत नाय बाय," ती नेहमीच्या मवाळ आवाजात म्हणाली. "तुमी पोरांनी ठरवलं त्यात मी खुशीत हाय."

समीक्षाने दात आवळले. हिच्यासाठी भांडतोय आपण, आणि ही!

नंबर आला. आतल्या खोलीत पंखा, पडदा आणि टेबलामागे चष्मेवाल्या बाई. आईचा फोटो झाला, अंगठा झाला. "राजीखुशीने देताय ना?" "हो." मग समीक्षाला खुर्चीत बसवलं.

"तुम्हाला दस्तातला मजकूर समजला आहे? हक्क राजीखुशीने सोडताय?"

"नाही," समीक्षा म्हणाली. स्पष्ट, एकेक अक्षर तोडून. "मला समजला आहे आणि मी सोडत नाही. हा माझा भाऊ जबरदस्ती करतोय. लिहून घ्या."

खोलीत क्षणभर काहीच हललं नाही. पंख्याचं पातंसुद्धा थांबल्यासारखं वाटलं तिला. मग तिच्या उजव्या गालाला ऊब लागली, कुणी फार जवळ वाकलं की लागते तशी, आणि ओठ सुटले. तिचे नव्हते.

"छान," बाई म्हणाल्या. "सगळ्या बहिणी असं हसून आल्या तर आमचं काम सोपं होईल. इथे सही करा."

समीक्षाने पेन उचललं. तिने दस्तावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली आणि वर, कागद फाटेल इतका जोर देऊन, लिहिलं: नाही. पुढचं पान. नाही. त्याच्या पुढचं. नाही. नाही. नाही. पेनाची शाई बोटांना लागली.

प्रणितने पानं घेतली. तिला ती स्पष्ट दिसत होती, तिचं मोठं काळं 'नाही' उलट्या बाजूलाही उमटलं होतं. प्रणितने एकेक पान बघितलं, शाईवर फुंकर घातली आणि बाईंपुढे ठेवलं.

"सही किती सुंदर आहे हो तुमची," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

६

आईला न्यायच्या दिवशी ती कोनला गेली. मे महिन्याची दुपार होती; एक्सप्रेसवेचा आवाज शेतांवरून एकसारखा येत होता. घर रिकामं झालं होतं. रिकाम्या खोल्यांतून ती ओरडत फिरली. भिंतींवर तिचा आवाज आपटत होता, खरा आवाज, आणि अंगणात सामान चढवणारी माणसं एकमेकांना सांगत होती की पोरगी किती गुणाची, घराचा निरोप घेतेय. तिने पाण्याचा हंडा उचलून अंगणात भिरकावला. दिपिका धावत आली. "असू दे ताई, हातातून सुटला. तुमाला लागलं तर नाय ना?"

समीक्षा पायरीवर बसली. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की आता न बोलणंच बरं. जे बोलू ते त्यांच्याच कामाला येतंय. राग होता, छाती फुटेल इतका होता. पण त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. दाराशी कुणीतरी बसलं होतं आणि प्रत्येक वेळी तिच्या वतीने उठून बाहेर जात होतं.

प्रणितने आईला गाडीत मागे बसवलं, एसी लावला, काच वर केली. दिपिका पुढे बसली. प्रणित सामानाचा दोर आवळायला मागे गेला.

समीक्षा उठून गाडीपाशी गेली, निदान शेवटचं बघावं म्हणून.

आई काचेआडून तिच्याकडे बघत होती. आणि आई बोलत होती. जाड काच, एसी, इंजिन. एक शब्द बाहेर येत नव्हता. फक्त ओठ दिसत होते. समीक्षाने आईला असं बोलताना जन्मात पाहिलं नव्हतं. जबडा ताणलेला, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, डोळ्यांत आग. पुढे बसलेली दिपिका ते ऐकून मान डोलावत होती, हसत होती. आईचे ओठ पुन्हा पुन्हा एकच आकार घेत होते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

नाय. नाय. नाय.

'माजी काय हरकत नाय.' 'तुमी म्हनाल तसं.' कधीपासून? आईच्या लग्नापासून? बाबांनी तिला खाडीवरच्या कामाला जुंपलं तेव्हापासून? आई रोज ओरडत होती? याच घरात, तिच्यासमोर, तिला जेवायला वाढताना?

ती काचेला जवळजवळ चिकटली. आवाज काढायचा नाही, हे तिला आपोआप सुचलं. आवाज काढला की ती मधली बाई येते. समीक्षाने आवाज न काढता, फक्त ओठांनी, सावकाश म्हटलं: नाही. आई, मीही नाही म्हटलं.

आईचं तोंड थांबलं. तिचे डोळे मोठे झाले. तिने समीक्षाच्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहण्यासाठी समीक्षा पुढे कितीही दिवस जगायला तयार झाली असती. आईने वाचलं होतं. आईने हात उचलला आणि पंजा काचेला टेकवला.

तेव्हा काच धुरकटली.

एसीने गार झालेली काच उकाड्यात बाहेरून धुरकटते, हे समीक्षाला माहीत होतं. पण मग ती सगळी धुरकटते. ही तोंडाएवढी गोल जागा होती, आईच्या ओठांच्या बरोबर समोर. ती लहान झाली, मोठी झाली, पुन्हा लहान झाली. श्वास घ्यावा तशी. बाहेरच्या बाजूने. समीक्षाच्या चेहऱ्यात आणि काचेत वीतभरही अंतर नव्हतं, आणि तिने स्वतःचा श्वास केव्हाचा रोखून धरला होता.

ती वाफ पसरत गेली. आईचे ओठ गेले, मग हनुवटी, मग डोळे. समीक्षाने तळहाताने काच खसाखसा पुसली. ओल कोमट होती. पुसलेल्या जागी पुन्हा वाफ आली. तिने पुन्हा पुसलं, दोन्ही हातांनी, वेड्यासारखं.

"ताई, किती जीव लावतेस गं," मागून प्रणित म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. तो स्टेअरिंगवर बसला, आणि आईला नीट निरोप घेता यावा म्हणून त्याने मागची काच खाली केली.

काच उतरली. मधे आता काहीच नव्हतं. आई मांडीवर हात ठेवून शांत बसली होती.

"येते बाय," ती मवाळ आवाजात म्हणाली. "सुखानं रा."

"आई!" समीक्षा किंचाळली. "आई, मी बघितलं! मला कळलंय! उतर खाली, उतर!"

आईने कान देऊन ऐकलं. आणि समीक्षाला दिसलं, आईच्या डोळ्यांत नुकतं पेटलेलं काहीतरी हळूहळू विझलं. लेकीने काय सांगितलं असं तिला वाटलं कुणास ठाऊक. ती समजूतदारपणे मान डोलावत राहिली, गाडी अंगणातून बाहेर पडेपर्यंत.